न वाचलेल्या वह्या

महाविद्यालयीन विद्यार्थी गृहपाठ करीत नाहीत, ही प्राध्यापकांची तक्रार खोटी नाही. सत्र संपता संपता मागील वर्षीची वही समोर ठेवून जर्नल उतरवायचे, सही मिळवायची आणि अंतर्गत गुण पदरात पाडून घ्यायचे, ही रीतच पडली आहे. आता तर संगणकही तयार उत्तर हाती देतो. परंतु एवढ्यावरून तरुण पिढीला आळशी ठरवणे म्हणजे रोगाचे निदान टाळणे होय.

जी वही कोणी वाचणार नाही, ती मन लावून लिहायची कशासाठी? चुकीवर खूण नाही, समासात शेरा नाही. पानोपानी केवळ सही. स्वतः विचार केला काय आणि नक्कल केली काय, फळ एकच! जेथे श्रमाला मोल नाही, तेथे श्रमाची गोडी उपजत नाही. मग तो कारखाना असो वा वर्ग.

दोष एकट्या प्राध्यापकाचाही नाही. महाराष्ट्रात कायम पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर अध्यापक नेमले जातात. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन तपासण्याचा नव्हे. या काटकसरीची किंमत मोजतो तो घरातील पहिला शिकणारा मुलगा किंवा मुलगी. सधनांच्या मुलांना खासगी शिकवणी आहे. यांना प्राध्यापकाच्या शेऱ्यावाचून दुसरा आधार नाही.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब विद्यार्थ्याला केवळ उपदेश केला नाही. त्याला वसतिगृह दिले आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने अभ्यासाची श्रमाशी सांगड घातली. परिस्थिती बदलली की प्रेरणा जागते, हा त्याचा धडा.

म्हणून रिक्त पदे भरा आणि वह्या तपासण्याचा वेळ कामात धरा, ही मागणी विद्यार्थी व अध्यापक या दोघांचीही झाली पाहिजे. गृहपाठ थोडा असावा, पण शेऱ्यासह परत मिळावा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने गावच्या सोसायटीचा ताळेबंद अभ्यासावा, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने विहिरीचे पाणी तपासावे. कार्यकर्त्यांनीही संध्याकाळी रिकामी राहणारी कार्यालये अभ्यासिकांसाठी खुली करावीत. मात्र तेथे उत्तरे पुरवू नयेत, प्रश्न विचारावेत. उतरवून काढण्याची सवय लागलेली पिढी उद्या सत्तेचे प्रत्येक वाक्यही तसेच उतरवून घेईल.