सहीचा अधिकार कुणाकडे?

महापालिकांच्या वाटाघाटींत मागण्यांवर जितकी चर्चा होते, त्याहून जास्त वेळ ‘हे आमच्या हातात नाही’ हे ऐकण्यात जातो. युनियनचे पदाधिकारी कामगार अधिकाऱ्याकडे जातात, तो उपायुक्तांकडे पाठवतो, उपायुक्त आयुक्तांचे नाव घेतात आणि आयुक्त नगरविकास खात्याचे. कामगार कंत्राटी असेल तर मध्ये ठेकेदारही आला. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर राज्यातल्या 29 महापालिकांना पुन्हा लोकनियुक्त सभागृहे मिळाली. नवे नगरसेवक कामगारांच्या मेळाव्यांना जातील, पाठिंब्याची भाषणे करतील. त्याला हरकत नाही. पण पालिका मालक आहे, आणि मालकाकडून अपेक्षा पाठिंब्याची नसते. बोलणी करायला बसवलेल्या माणसाला सही करण्याचा अधिकार असावा, एवढीच असते.

कायदा यात आड येत नाही. पालिकेची बहुतेक खाती ‘उद्योग’ ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच सांगितले, तेही नागपूर महापालिकेच्या प्रकरणात. महाराष्ट्राच्या 1971 च्या एमआरटीयू कायद्याने 30 टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यतेसाठी औद्योगिक न्यायालयात जाण्याची वाट दिली आणि मान्यताप्राप्त युनियनशी सद्भावनेने वाटाघाटी नाकारणे ही मालकाची अनुचित कामगार प्रथा ठरवली. मात्र सद्भावना असली तरी तिजोरीची चावी दुसऱ्याकडे असेल तर बोलणी पुढे सरकत नाहीत.

मुंबईच्या बेस्ट बससेवेचा जानेवारी 2019 मधला नऊ दिवसांचा संप आठवा. त्यातली एक प्रमुख मागणी पगाराची नव्हतीच. बेस्टचा ‘क’ अर्थसंकल्प पालिकेच्या ‘अ’ अर्थसंकल्पात विलीन करा, ही होती. महाव्यवस्थापकांशी कितीही बोलले तरी पैसा पालिकेकडे आहे, हे कामगारांना नेमके कळले होते. गंमत अशी की विलीनीकरणाचा ठराव सभागृहाने आधीच मंजूर केलेला होता. ठराव झाला, टाळ्या झाल्या, अंमल झाला नाही. शेवटी उच्च न्यायालयाला मध्यस्थ नेमावा लागला. सभागृहाच्या सदिच्छेचे मोल किती, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधायची गरज नाही.

पुढे भाडेतत्त्वावरच्या बस आल्या आणि प्रश्न आणखी अवघड झाला. ऑगस्ट 2023 मध्ये या बसचे चालक संपावर गेले. चालक बेस्टच्या मार्गावर, बेस्टच्या वेळापत्रकाने गाडी चालवत होते. पगार ठेकेदार देत होता. ठेकेदार किलोमीटरच्या दराचे कारण देणार, बेस्ट कराराचे. तोडगा निघाला तो मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर. दिवाळीच्या सानुग्रह अनुदानाचेही तेच. पालिका कर्मचाऱ्यांचा आकडा मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर जाहीर होण्याची आता सवयच झाली आहे. याला सामूहिक वाटाघाटी म्हणणे धाडसाचे आहे. ही याचिका झाली, आणि ती कुणाच्या दारात न्यायची हे प्रत्येक पक्षाला पाठ आहे.

कंत्राटीकरणाच्या मुळाशी केवळ ठेकेदारांचा लोभ आहे असे मानणाऱ्यांनी एकदा लेखाविभागात जाऊन बसावे. आस्थापना खर्च, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांवर गेला की शासन भरतीला परवानगी देत नाही. ठेक्यावरचा झाडूवाला मात्र आस्थापना खर्चात धरला जात नाही. त्याचे बिल वेगळ्या लेखाशीर्षाखाली निघते. म्हणजे तेच काम, तोच रस्ता, पण कामगार कागदावरून गायब झाला की पालिकेची आर्थिक शिस्त सुधारते. ही मर्यादा लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही. परिणाम मात्र असा की कायम कामगार घटवणाऱ्या पालिकेला बक्षीस आणि प्रामाणिकपणे भरती करणाऱ्या पालिकेला शिक्षा.

असे गायब केलेले कामगार एमआरटीयूखाली दाद मागू शकत नाहीत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या 2001 मधल्या निकालांनी मालक-कामगार नाते निर्विवाद असण्याची अट घातली, आणि नाते नाकारणे हे तर पहिल्याच लेखी कैफियतीत होते. म्हणून मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाला औद्योगिक न्यायाधिकरणाची लांबची वाट धरावी लागली. 2014 मध्ये निवाडा, मग उच्च न्यायालय, आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालय: 2,700 सफाई कामगार कायम. त्यानंतरही कागदपत्रांतल्या नावांच्या स्पेलिंगवरून कित्येकांच्या नेमणुका अडल्या. हरलेल्या मालकाकडे अशी हत्यारे शिल्लक असतात.

युनियननाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. अनेक शहरांत मान्यताप्राप्त संघटनेने वेतन आयोग, वारसा हक्क आणि दिवाळीची रक्कम यांवर जोर लावला आणि शेजारच्या चौकीतल्या ठेक्याच्या कामगाराकडे पाहिले नाही. आता त्याची किंमत मोजावी लागेल. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के पाठबळ असलेली युनियन एकमेव वाटाघाटी संघटना ठरते, पण ते टक्के मोजायचे मस्टरवरच्या कामगारांतून. 1971 चा कायदा आणि ही संहिता यांचा मेळ न्यायालये घालतील तेव्हा घालतील. मस्टर आखडत गेले तर शंभर टक्के सभासद असलेली युनियनही शहर बंद पाडू शकणार नाही; कचरा ठेक्याच्या गाड्या उचलतच राहतील.

मस्टरबाहेरच्या कामगारांशीही पालिका थेट बोलू शकते; पुण्याचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली, तेव्हा कचरावेचकांना मालकच नव्हता. कोणत्याही कायद्याने पालिकेला त्यांच्याशी बोलायला भाग पाडले नसते. तरी पालिकेने त्यांची ओळखपत्रे मान्य केली आणि 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी थेट करार केला. त्या कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाला रडारड होते, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते, हे खरे. तरीही वाद घालायला समोर पालिका असते, ठेकेदाराचा सुपरवायझर नसतो.

आमची मागणी तीन ओळींची आहे. सभागृहाने वाटाघाटी समिती नेमावी, तिला अर्थसंकल्पातून ठरावीक रकमेपर्यंत करार करण्याचा अधिकार द्यावा आणि मुख्य लेखाधिकाऱ्याला तिचा सदस्य करावे. प्रत्येक निविदेत ठेक्याच्या कामगारांची नावनिशी यादी, वेतनाचा दर आणि त्यांच्या संघटनेशी त्रिपक्षीय बैठकीची अट असावी. अट मोडली तर बिल थांबावे. आणि 35 टक्क्यांच्या हिशेबात कंत्राटी मनुष्यबळाचा खर्च धरूनच आकडा जाहीर करावा. तिसऱ्या मागणीला सगळ्यात जास्त विरोध होईल, कारण त्या दिवशी राज्यातल्या बऱ्याच पालिकांचा आस्थापना खर्च कागदावर एकदम वाढलेला दिसेल, आणि मर्यादेबद्दल शासनाशी भांडायला सभागृह व युनियन यांना एकाच बाजूला उभे राहावे लागेल.