जुन्या घरांच्या दारावरच्या खरेदीबाबत मागणीपत्र

प्रति,
गृहनिर्माण विभाग, महाराष्ट्र शासन
आणि नोंदणी महानिरीक्षक, पुणे

महोदय,

आम्ही पुण्यातील प्रभात रस्ता, डेक्कन, एरंडवणे भागांतील जुन्या बंगल्यांचे मालक. घर विकूच नये, असे आमचे म्हणणे नाही. गुडघे जिना चढू देत नाहीत, मुले परदेशी, पावसाळ्यात गच्ची गळते. अशा वेळी विकणे शहाणपणाचेच. आमची हरकत दारात येऊन उरकल्या जाणाऱ्या व्यवहाराला आहे.

आधी फाटकाच्या कडीत दलालाचे व्हिजिटिंग कार्ड खोचलेले सापडते. मग फोन. मग एक दिवस पेढ्यांचा पुडा घेऊन स्वारीच हजर. प्रॉपर्टी कार्डाचा उतारा त्याने आधीच काढलेला असतो. कोणत्या भावाचे कोणाशी पटत नाही, हेही त्याला ठाऊक! आमच्या एका सभासद आजींनी "फक्त मोजणीसाठी" म्हणून सही केली, ती विसारपावती निघाली. त्यांनी धनादेश परत केला, तर समोरचा घेईना. अशा कागदाच्या जोरावर दावा लागला की निकालापर्यंत दुसरे गिऱ्हाईक घराकडे फिरकत नाही.

भाव पाडायची रीतही ठरलेली. "भिंतींना आता काय किंमत, काका?" किंमत भिंतींची नसतेच. समोरचा रस्ता 9 मीटरचा की 12 मीटरचा, यावर एफएसआय आणि टीडीआर किती मिळणार हे ठरते. तो हिशेब येणाऱ्याच्या खिशात असतो, मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

सोसायट्यांच्या पुनर्विकासाला सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालील कार्यपद्धती आहे. 2009 साली ती आली, 2019 मध्ये सुधारली. एकट्या बंगलेवाल्याला तसे काहीच नाही. रेरा कायद्यात 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि दलालाची नोंदणीही नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीपुरतीच. म्हणजे आमच्या दारात येणारा माणूस कोणाच्याच वहीत नाही.

म्हणून, पुनर्बांधणीसाठी घर मागायला येणाऱ्या प्रत्येक दलालाची नोंदणी व्हावी आणि तो कोणासाठी आला आहे, हे त्याने पहिल्याच भेटीत लेखी द्यावे. विसार देण्यापूर्वी भूखंडावर मिळू शकणाऱ्या बांधकामाचा तक्ता परवानाधारक वास्तुविशारदाच्या सहीने मालकाच्या हाती पडावा. सही झाल्यावर 15 दिवसांत विसार परत करून दंडाविना माघार घेता यावी. मोजणी, नकाशा आणि विक्री यांचे अधिकार एकाच कुलमुखत्यारपत्रात कोंबणे बंद व्हावे. आमच्या मते सगळ्या भानगडींचे मूळ तिथेच आहे.

राहिली एक गोष्ट. दस्त मान्य आहे का, हे दुय्यम निबंधक आजही विचारतात, पण तेव्हा खरेदीदार आणि दलाल खुर्चीला खुर्ची लावून बसलेले असतात. ज्येष्ठ मालकाला बाजूला घेऊन, मराठीत, "आपण कशावर सही करता आहात?" एवढे विचारावे. यासाठी नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरेल. ते येत्या पावसाळ्याआधी काढावे, ही विनंती.

आपले,
जुन्या बंगल्यांचे मालक, पुणे