पारख खरखरत्या स्वराची

मनमाडच्या बाजारपेठेत दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबातील मूल इलेक्ट्रिक गिटार शिकू लागले, की कालांतराने एक मागणी पुढे येते : डिस्टॉर्शन पेडल. पायाने दाबायची ही छोटी पेटी गिटारचा स्वच्छ स्वर खरखरीत करते, हे कळताच वडीलधारे विचारतात, "चांगला आवाज बिघडवायला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

या स्वराचा जन्म खरोखरच बिघाडातून झाला. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका अमेरिकन गीतात ध्वनिमुद्रण यंत्रणेतील दोषामुळे बास गिटारचा स्वर फाटका उमटला. तो श्रोत्यांना आवडला. १९६२ मध्ये तसा स्वर देणारे 'फझ-टोन' पेडल बाजारात आले. परंतु माल पडून राहिला. १९६५ साली रोलिंग स्टोन्स यांच्या गीतात ते वाजले आणि साठा संपला. दोषालाही ग्राहक मिळतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

पेडलचे कार्य सोपे आहे. गिटारकडून आलेला विद्युत संकेत ते वाढवते आणि मर्यादेबाहेर गेलेले लहरींचे शेंडे छाटते. छाटणी सौम्य असेल तर ओव्हरड्राइव्ह, कठोर असेल तर डिस्टॉर्शन, आणि लहर जवळजवळ चौकोनी होईल इतकी असेल तर फझ. आयबानेझचे हिरवे ट्यूब स्क्रीमर पहिल्या प्रकारातले. बॉस कंपनीचे १९७८ पासूनचे नारंगी डीएस-१ दुसऱ्या प्रकारातले. म्हणून मूल कोणती गाणी वाजवते, हे आधी विचारावे. ब्लूजसाठी सौम्य छाटणी पुरते. हेवी मेटलला कठोर लागते.

घरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'गेन' किंवा 'ओव्हरड्राइव्ह'ची सोय आहे का, हेही पाहावे. सरावाच्या अनेक लहान अ‍ॅम्प्लिफायरांत ती असते. तिने काम भागत असेल, तर खरेदी काही महिने लांबणीवर टाकण्यात शहाणपण आहे.

खरेदी करायचीच, तर ती कानाने करावी. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून मुंबईला उतरल्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून धोबीतलाव पायी गाठता येते. १८६५ साली स्थापन झालेल्या फुर्टाडोजचे वाद्यांचे दुकान तिथेच आहे. जाताना स्वतःची गिटार बरोबर न्यावी, कारण गिटार बदलली की पेडलचा स्वरही बदलतो.

दुकानात एक फसगत हमखास होते. मोठ्याने वाजणारे पेडल कानाला अधिक चांगले भासते. यासाठी 'लेव्हल'चे बटण फिरवून दोन्ही पेडलांचा आवाज आधी सारखा करावा, मग तुलना करावी. वजन सारखे नसेल तर भावाची तुलना होत नाही, तसेच हे. आवाजही घरात चालेल इतकाच ठेवावा. सर्व तारा एकदम छेडून प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो का, आणि हात थांबल्यावर किती गुणगुण उरते, तेही ऐकावे. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. परंतु अ‍ॅडॉप्टरची धन-ऋण बाजू पेडलवरील खुणेशी जुळते, याची खात्री करावी. उलटी जोडणी पेडल निकामी करू शकते.

वडिलांना हे संगीत आवडलेच पाहिजे असे नाही. माल पारखण्याची जी शिस्त पिढ्यानपिढ्या दुकानात जपली, ती त्यांनी या खरेदीत मुलाच्या हाती द्यावी. नकार किंवा नुसते पैसे हाती ठेवणे, या दोहोंपेक्षा सोबत बसून ऐकलेला तो तास मुलाच्या अधिक काळ स्मरणात राहील.