तो तडजोडनामा आम्हालाही वाचू द्या

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली



२ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या हायकोर्टात न्या. मार्कस स्मिथ यांनी ‘हैदराबाद फंडा’चा निकाल दिला. सत्तर वर्षे बँकेत अडकून पडलेल्या सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर पाकिस्तानचा काही हक्क नाही, असे त्यांनी ठरवले. आपल्या मंत्रालयाने निकालाचे स्वागत केले, वर्तमानपत्रांना मथळे मिळाले. इथे हैदराबादेत मात्र आठ-पंधरा दिवस एकच विषय होता : निजामाच्या कोणत्या नातवाला किती मिळणार, आणि बाकीचे शंभरेक वारस आता काय करणार. पाकिस्तानने अपील केले नाही. २०२० मध्ये पैसे सुटले आणि विषयही संपला.

माझ्या दृष्टीने तो संपलेला नाही. मी हैदराबादेत वकिली करणारा मराठी माणूस आहे आणि घराण्याचे मूळ मराठवाड्यात आहे. निजामाच्या वारसांना काय मिळाले याच्याशी मला कर्तव्य नाही. या रकमेतले भारत सरकारला किती मिळाले, कोणत्या हक्काने मिळाले आणि ते कुठे जमा झाले, एवढे मला कळायला हवे आहे. त्याचे उत्तर निकालपत्रात नाही. भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू, शहजादे मुकर्रम जाह व मुफ्फखम जाह, यांच्यात २०१८ साली जो गोपनीय करार झाला, त्यात ते आहे. हे पत्र त्या कराराबद्दल आहे.

प्रकरण आपल्याला ठाऊकच आहे. पण वाचणाऱ्या सर्वांना असेलच असे नाही, म्हणून सांगतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी हात टेकले. नेमक्या त्याच दिवसांत निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग युरोपात होते, हैदराबादचे गाऱ्हाणे सुरक्षा परिषदेपुढे मांडायला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत हैदराबाद सरकारचे खाते होते. त्यातले १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग मोईन नवाजांनी पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वळते केले. २० सप्टेंबरला रक्कम जमा झाली, म्हणजे ज्या सरकारचे पैसे होते ते सरकार पडल्यानंतर तीन दिवसांनी. पुढच्याच आठवड्यात निजामाने बँकेला कळवले की याला माझी परवानगी नव्हती, पैसे परत करा. बँकेने नकार दिला. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याच्या संमतीशिवाय ते हलवता येत नाहीत, एवढे बँकेचे साधे म्हणणे होते. (हे रहिमतुल्ला मुंबईचेच. त्यांचे वडील सर इब्राहिम रहिमतुल्ला मुंबईचे महापौर होते आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष. फाळणीने माणसे कुठून कुठे नेऊन बसवली!)

त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे १ कोटी ३४ लाख रुपये होते. २०१९ पर्यंत तिचे साडेतीन कोटी पौंड, म्हणजे तीनशे कोटी रुपयांच्या आसपास झाले. दरसाल साधारण पाच टक्के चक्रवाढ व्याज धरले की हिशेब बरोबर जुळतो. ब्रिटनने शिलिंगचा हिशेब १९७१ साली बंद केला, पण ते ९ शिलिंग या खटल्याच्या कागदांतून काही हटले नाहीत.

निजामाने १९५४ साली लंडनमध्ये दावा लावला. तो १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे अडकला. परक्या सार्वभौम राष्ट्राला त्याच्या मर्जीविरुद्ध इंग्लंडच्या कोर्टात खेचता येत नाही, आणि खाते उच्चायुक्ताचे म्हणजे पाकिस्तानचे, तेव्हा हा दावा चालूच शकत नाही, असे लॉर्डांनी सांगितले. पैसे कुणाचे, यावर एक अक्षरही नाही. खटला ऐकणाऱ्या पाच लॉर्डांपैकी लॉर्ड डेनिंग यांनी निकालाला संमती दिली, पण जाता जाता असेही म्हटले की सरकार व्यापार करत असेल तर त्याला हे कवच का मिळावे? तेव्हा ते एकटे पडले. १९७७ साली नायजेरियाच्या सेंट्रल बँकेविरुद्धच्या ट्रेंडटेक्स खटल्यात अपील कोर्टाने त्यांची वाट धरली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने तसा कायदाही केला. इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकात हैदराबादचे नाव आहे ते यामुळे. सांगायचा मुद्दा असा की निजाम हरला, तरी पाकिस्तान जिंकला नव्हता. कोंडी झाली, एवढेच.

ती कोंडी फोडली खुद्द पाकिस्ताननेच. २०१३ मध्ये त्यांनी बँकेवर दावा लावला. दावा लावणारा कवच मागू शकत नाही. ही चूक लक्षात आल्यावर त्यांनी दावा मागे घेत असल्याची नोटीस दिली. २०१५ मध्ये कोर्टाने ती रद्द केली. दावा आता पुढे चालणारच, असे त्यांना सांगण्यात आले. आमच्याकडे वाटणीचे दावे तीन-तीन पिढ्या चालतात, पण वादीलाच मागे फिरू न देणारे कोर्ट विरळाच. पुढे पाकिस्तानने सांगितले की पैसे शस्त्रांच्या मोबदल्यात आले, किंवा भारताच्या हाती लागू नयेत म्हणून ठेवायला आले. शिवाय हा दोन राष्ट्रांचा मामला आहे, त्यात कोर्टाने पडू नये, हाही मुद्दा होता. न्या. स्मिथ यांनी सगळे मुद्दे तपासून बाजूला ठेवले. रहिमतुल्ला हे केवळ विश्वस्त होते, खरा मालक सातवा निजाम, आणि निजामाच्या हक्काने मागणाऱ्यांना, म्हणजे शहजाद्यांना आणि भारताला, रक्कम द्यावी, हा त्यांचा निकाल. पाकिस्तानला विरुद्ध बाजूंच्या खर्चाचाही मोठा हिस्सा भरावा लागला.

आता माझा मुद्दा. सातव्या निजामाने ही एकच रक्कम दोनदा दिली होती. १९६३ साली त्यांनी नातवांसाठी विश्वस्तनामा केला. १९६५ साली हाच हक्क त्यांनी भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे लिहून दिला. म्हणजे शहजादे आणि भारत सरकार हे एकमेकांचे भागीदार नव्हते, खरे तर प्रतिस्पर्धी होते. २०१८ साली दोघांनी तडजोड केली आणि पाकिस्तानविरुद्ध एकत्र उभे राहिले. वकील म्हणून मला विचाराल तर तो सल्ला अगदी योग्य होता; प्रतिवादी आपापसात भांडत राहिले असते तर फायदा पाकिस्तानचाच झाला असता. पण त्या तडजोडीमुळे न्यायाधीशांना एका प्रश्नाला हातच लावावा लागला नाही. निजाम मालक म्हणजे कोण मालक? मीर उस्मान अली खान नावाची व्यक्ती, की हैदराबादचे राज्य?

हैदराबादेत हा फरक नवा नव्हता. निजामाची खासगी जहागीर म्हणजे सर्फ-ए-खास आणि राज्याचा महसूल म्हणजे दिवाणी, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या होती. हिशेबही वेगळे आणि नोकरही वेगळे. १९४९ साली सर्फ-ए-खास राज्यात विलीन झाली तेव्हा निजामाला त्याच्या बदल्यात वर्षाला २५ लाख रुपये ठरले, शिवाय ५० लाखांचा तनखा आणि वाड्यांच्या देखभालीचे आणखी २५ लाख. खासगी मालमत्तेची किंमत तेव्हाच चुकती झाली होती. लंडनचे खाते तर सरकारच्या नावाने होते आणि त्यावर सही चालत होती ती मंत्र्याची. माझ्या मते ते दिवाणीचे पैसे होते.

दिवाणीचे म्हणजे सोळा जिल्ह्यांच्या रयतेचे. आठ जिल्हे तेलुगू, तीन कानडी, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी. १९४६-४७ मध्ये ज्या शेतकऱ्याने सारा भरला, कोतवालाच्या आणि पुढे रझाकारांच्या धाकात दिवस काढले, त्याच्या साऱ्यातलाच काही भाग त्या खात्यात असणार. संविधानाच्या अनुच्छेद २९५ ने हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गाच्या राज्यांची मालमत्ता कोणाकडे जाईल ते ठरवले, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबादची येणी-देणी तीन राज्यांत वाटून दिली. लंडनमधले ते खाते त्या वाटणीत आले असते का? आले असते, तर मराठवाड्याच्या वाट्याला काय आले असते? या प्रश्नाचे उत्तर कोर्टाने दिले नाही, ते एका बंद पाकिटात दिले गेले.

हे पैसे मराठवाड्याला द्या, अशी माझी मागणी नाही, हे आधीच सांगतो. एवढ्या रकमेत कुठल्याच जिल्ह्याचे काही भागणार नाही, आणि ती मागणी केली की उद्या तीन राज्यांचे खासदार टीव्हीवर भांडत बसतील. मला हिशेब हवा आहे. किती टक्के शहजाद्यांना आणि किती टक्के देशाला, हे ज्यांच्या सरकारने ठरवले त्या लोकांना ते समजायला नको का?

गोपनीयतेच्या कलमाचे कारण सांगितले जाईल. करार खासगी व्यक्तींशी आहे, अटी उघड करणार नाही असे दोघांनी मान्य केले आहे, वगैरे. ठीक. पण माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात ८(२) हे कलम आहे : लोकहित मोठे असेल तर अपवादातली माहितीही देता येते. १९६५ चे हस्तांतरपत्र तर वीस वर्षांहून कितीतरी जुने आहे. ८(३) प्रमाणे ते झाकून ठेवायला परराष्ट्रसंबंधांसारख्या दोन-तीनच सबबी उरतात. पाकिस्तानशी असलेला दावा संपला, अपीलही झाले नाही, तेव्हा तीही सबब फारशी टिकण्यासारखी नाही. आणि शहजाद्यांचा वाटा उघड होऊ नये असे वाटत असेल, तर फक्त भारताचा आकडा सांगा. आपला हिस्सा आपल्याच नागरिकांना सांगायला दुसऱ्या पक्षाची परवानगी कशाला?

तुलना करणे भाग पडते. न्या. स्मिथ यांचे संपूर्ण निकालपत्र कोणीही घरबसल्या फुकट वाचू शकतो. १९४८ च्या तारा, पत्रे, बँकेच्या नोंदी, सगळ्यांची चर्चा त्यात आहे. त्याच निकालाच्या दोन महिने आधी, २९ जुलै २०१९ रोजी, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने केप विरुद्ध ड्रिंग हा निकाल दिला. अ‍ॅस्बेस्टॉसने आजारी पडलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका मंचाने एका कंपनीच्या खटल्यातली कागदपत्रे मागितली होती; मंच त्या खटल्यात पक्षकारही नव्हता. न्याय उघड्यावर व्हावा आणि तो कसा झाला हे लोकांना समजावे, यासाठी कोर्ट त्रयस्थालाही कागद देऊ शकते, असे न्यायमूर्ती लेडी हेल यांनी स्पष्ट केले. हा निकाल आपल्या कराराला जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही. तडजोडनामा कोर्टापुढे वाचला गेलेला नाही. पण ज्या देशाच्या कोर्टाने आपल्याला पैसे मिळवून दिले, तिथे वाटेवरचा माणूसही कागद मागू शकतो, आणि ज्याच्या गावचा महसूल त्यात होता त्या नागरिकाला दिल्लीत पाकीट बंद मिळते, हे मला पटत नाही.

आणखी एक. निजामाच्या इतर काही वारसांनी वाटणीत अन्याय झाल्याची तक्रार घेऊन पुन्हा न्या. स्मिथ यांच्याकडे धाव घेतली होती. जुलै २०२० मध्ये त्यांनी दार उघडायला नकार दिला, आणि तो कायद्याला धरूनच होता. पण त्यामुळे आता लंडनमध्ये विचारण्यासारखे काही उरले नाही, उरले ते फक्त तुमच्या दालनात.

पैशांचे काय करावे, यावर मला एक सुचवायचे आहे. हैदराबादेतल्या तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात हैदराबाद संस्थानचे दप्तर आहे, बरेचसे फारसी आणि उर्दूत. त्यातले दफ्तर-ए-दिवानी पिढ्यान्‌पिढ्या रायरायान या मराठी घराण्याच्या देखरेखीखाली होते. मराठवाड्याच्या कोणत्या गावाने किती सारा भरला, कोणती जमीन कुणाच्या नावे होती, हे शोधायचे तर वाट त्या कागदांतूनच जाते. ती वाचू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. भारताच्या हिश्शातला थोडा भाग त्या दप्तराच्या स्कॅनिंगला, सूचीला आणि फारसी, उर्दू व मोडी वाचणाऱ्या चार तरुणांच्या पगाराला दिला, तर मला वाटते, दिवाणीचा पैसा दिवाणीच्या कागदांवर खर्च झाला असे होईल.

तेव्हा आपल्याला विनंती अशी की २०१८ च्या करारातला भारताचा वाटा, तो ज्या खात्यात जमा झाला ते, आणि १९६५ चे हस्तांतरपत्र, एवढे संसदेच्या पटलावर ठेवावे. खटल्यात भारतातर्फे दाखल झालेल्या कागदपत्रांचा एक संच तारनाक्याला आणि एक नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला पाठवावा. ज्यांच्या वाडवडिलांनी हैदराबाद संस्थानात सारा भरला अशा वाचकांनीही आपल्या खासदाराला एक ओळ लिहून हेच मागावे.

कळावे,

आपला,
हैदराबादेतील एक मराठी वकील