अहवालातील ॲलर्जी आणि ताटातील ॲलर्जी

रक्ततपासणीच्या अहवालात दहा-बारा पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’ असे दिसले की मुलाच्या ताटातून दूध, अंडे, शेंगदाणे, डाळी एका दिवसात हद्दपार होतात. अन्न-ॲलर्जीविषयीचा आपला सर्वांत मोठा गैरसमज याच कागदावर जन्म घेतो, असे माझे मत आहे.

कर्नाटकातील २० ते ५४ वयोगटातील प्रौढांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिपिंडे आढळली. पण लक्षणांशी जुळणारी संभाव्य ॲलर्जी होती केवळ १.२ टक्के लोकांना. प्रतिपिंडे असणे ही शरीराची पूर्वतयारी; तो पदार्थ खाल्ल्यावर मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटून पित्त उठणे, ओठ सुजणे, श्वास अडखळणे, हा प्रत्यक्ष आजार. ‘आयजीजी’ मोजणाऱ्या महागड्या चाचण्यांना तर निदानात स्थानच नाही. दुधातील साखर न पचणे हीदेखील ॲलर्जी नव्हे.

अनाठायी पथ्य निरुपद्रवी नसते. आधीच कुपोषणाशी झगडणाऱ्या देशात ते प्रथिने हिरावून घेते. शिवाय २०१५ मध्ये लंडनमधील ‘लीप’ अभ्यासाने जुनी समजूतच उलटवली: ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ६४० बालकांपैकी ज्यांना तान्हेपणापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. मात्र अशा बालकांना हे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत.

म्हणून निदानाची सुरुवात प्रश्नांनी व्हावी: काय खाल्ले, किती वेळाने, काय झाले? शंका उरल्यास रुग्णालयात, देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून खात्री करावी.

ज्यांची ॲलर्जी खरी आहे, त्यांच्याबाबत मात्र हयगय नको. २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये इत्यादींचा उल्लेख बंधनकारक आहे, तो वाचावा. पण हलवायाच्या परातीला वेष्टन नसते, तिथे विचारावेच लागते. तीव्र झटक्यात पहिले औषध ॲड्रेनालिन, तेही मांडीच्या स्नायूत, विनाविलंब. ॲलर्जीची गोळी हा त्याला पर्याय नाही.

स्वस्त आणि जुने असलेले हे इंजेक्शन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तत्परतेने मिळणे, हे चाचण्यांच्या लांबलचक याद्यांपेक्षा अधिक जीव वाचवील.