दूरध्वनीला ‘ळ’ म्हणता आला पाहिजे

भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी झगडताना आपण शाळा, पाट्या, शासकीय परिपत्रके आणि न्यायालयाची भाषा यांविषयी पुष्कळ बोललो. एक प्रश्न मात्र आपल्या यादीत कधी आला नाही. ज्याला दिसत नाही अशा मराठी माणसाचा दूरध्वनी कोणत्या भाषेत बोलतो? हा प्रश्न दयेच्या खात्यात टाकून मोकळे होता येणार नाही, असे आम्हांस वाटते. तो हक्काचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रापासून दूर असलेल्या ग्वाल्हेरचेच उदाहरण घेऊ. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास ‘लष्कर’ वसले आणि तेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्या लष्करातील खासगी बाजारात एक वृद्ध मराठी बाई राहतात आणि त्यांची दृष्टी गेली आहे, अशी कल्पना करा. पुण्याहून लेकीचा संदेश येतो : ‘गोळी जेवणाच्या वेळी घे.’ डोळस शेजारीण तो जसाच्या तसा मराठीत वाचते. बाईंच्या वाट्याला मात्र यंत्राचा हिंदी कंठ येतो. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, त्यामुळे ‘वेळ’ची ‘वेल’ होते. ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होतात आणि एकोणसाठच्या जागी ‘उनसठ’ ऐकू येते.

याचे कारण साधे आहे. हिंदी आणि मराठीची लिपी एक आहे, पण उच्चारांचे नियम वेगळे आहेत. साध्या संदेशावर तो कोणत्या भाषेतला आहे याची खूण नसते. यंत्रात जो आवाज निवडलेला असेल, तोच समोरची देवनागरी आपल्या वळणाने वाचतो. मराठी आवाज उपलब्धच नाही, असेही नाही. अँड्रॉइडवरील ‘टॉकबॅक’ ही पडदावाचक सोय २००९ पासून आहे, गूगलच्या वाचायंत्रणेत आज मराठी आहे आणि ‘ईस्पीक’सारख्या विनामूल्य प्रणालीतही आहे. पण तो आवाज मांडणीच्या चार पडद्यांआड दडलेला असतो. तो शोधून लावून देण्यास पुन्हा डोळस माणूसच लागतो.

पूर्वीचे तंत्रज्ञान याबाबतीत अधिक समंजस होते, असे म्हणावे लागते. बटणांच्या दूरध्वनीवर ५ या आकड्याला उंचवटा असे. त्या एका ठिपक्यावरून बोट सगळे आकडे ओळखी. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘ळ’ला स्वतंत्र चिन्ह मिळाले. अवघ्या सहा ठिपक्यांत जे बसले, ते आजच्या यंत्रात बसत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

सर्वांत मोठी हानी गोपनीयतेची होते. बँकेचा सहा आकडी ओटीपी काही मिनिटांत भरावयाचा असतो. यंत्राने तो सुटे आकडे न म्हणता लाखांच्या संख्येसारखा, तोही अनोळखी संख्यावाचनाने सांगितला, तर बाई शेजारच्या मुलाला हाक मारणार. आपल्या पेन्शनची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणार. पेठेच्या नावातच ‘खासगी’ आहे. बाईंच्या व्यवहारात मात्र खासगी असे काही उरत नाही.

‘हिंदी सर्वांनाच समजते, मग हा हट्ट कशाला?’ असे विचारले जाईल. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हिंदी उत्तम येते, हे खरेच आहे. परंतु लेकीचे पत्र मराठीत वाचण्याचा अधिकार डोळस आईला असतो. तोच दृष्टिहीन आईला का नसावा? आणि मराठी मजकूर हिंदी उच्चारांत वाचला, तर जे कानी पडते ते धड हिंदीही नसते.

कायदा याबाबत मुका नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २ मध्ये ‘संप्रेषण’ या संज्ञेची व्याख्या आहे आणि तीत ब्रेल व श्राव्य माध्यमांबरोबर ‘भाषा’ही स्पष्टपणे समाविष्ट आहेत. नित्य वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा आराखड्याची असावीत, यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी कलम ४२ शासनावर टाकते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम अवैध ठरवला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांची उपलब्धता हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला गेला. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला ती समजते त्याच्या भाषेत नसलेली सुलभता ही सुलभता नव्हे.

शासनाकडे बोट दाखवताना आपल्या मंडळांनीही आपले अंगण पाहावे. गणेशोत्सवाची पत्रिका आपण छायाचित्र म्हणून पाठवतो. इतिवृत्ते युनिकोडबाहेरच्या जुन्या टंकांत असतात आणि पडदावाचक ती निरर्थक अक्षरांसारखी बडबडतो. मजकूर युनिकोडमध्ये लिहून पाठवणे, संकेतस्थळाच्या पानावर ‘मराठी’ अशी भाषेची खूण घालणे आणि आपल्या गल्लीतील दृष्टिहीन ज्येष्ठांच्या दूरध्वनीत मराठी आवाज लावून देणे, या तीन गोष्टींना पैसा लागत नाही.

बेळगाव, बिदर, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या बँकेकडे आणि दूरध्वनी कंपनीकडे मराठी ध्वनिसेवेची व सुट्या आकड्यांत ऐकू येणाऱ्या ओटीपीची लेखी मागणी करा. दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. अनुच्छेद ३५० नुसार संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तेव्हा ती तक्रार मराठीतच लिहा.