गायराने व माळकुरणे यांची राखण ग्रामसभा व मेंढपाळांकडे सोपविण्याबाबत निवेदन

माननीय जिल्हाधिकारी साहेब, जिल्हा सोलापूर, यांचे सेवेशी,



वर्षाकाठी जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात मुरमावरच्या चार बोटे मातीत पवन्या, मारवेल ही गवते रुजत आली, त्यांवर गावची गुरे व धनगरांचे कळप पोसले गेले, आणि नान्नज येथे ज्या माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य स्थापन झाले तो पक्षीही याच उघड्या माळाच्या आश्रयाने राहिला. असे असता या भूमीची गणना पडीक म्हणून व्हावी, हे आम्हांस अत्यंत क्लेशदायक वाटते. पडीक मानल्यामुळेच तीत चर खोदून गिरिपुष्प लावणे ही सुधारणा ठरली, आणि त्या सुधारणेने मातीचा पातळ थर उलथून गवतच हटविले.

पावसाळ्यात बी झडेपर्यंत विसावा न मिळाल्यास उत्तम गवत नाहीसे होऊन कुसळी माजते, व तिची कुसळे मेंढरांच्या कातडीत रुततात. उलट कुरण कायमचे बंद ठेवले तर वाळल्या गवताखाली नवा फुटवा गुदमरतो. सरसकट चराईबंदी आणि बेबंद चराई ही दोन्ही म्हणूनच घातक होत. कोणता तुकडा केव्हा राखावा आणि केव्हा मोकळा करावा, हे रोज माळ तुडविणाऱ्यासच उमगते.

वनहक्क अधिनियम, 2006 अन्वये चराईचा व फिरत्या पशुपालकांच्या मोसमी वहिवाटीचा सामूहिक हक्क मान्य झालेला आहे. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाच्या उपयोगास परत द्याव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निर्णयही आहे.

सबब गायरानांची मोजणी ग्रामस्थांसमक्ष करवून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात. प्रत्येक ग्रामसभेत कुरण समिती नेमावी. तीत स्त्रियांना आणि दिवाळीनंतर कळपांसह परमुलखी जाणाऱ्या मेंढपाळांनाही जागा असावी, कारण ते गावी नसताना ठरलेले नियम त्यांच्यावर लादणे अन्यायाचे होय. पाळीने कुरण राखण्याचा व गवतकापणीचा अधिकार या समितीस द्यावा, आणि तिच्या लेखी संमतीवाचून माळावर वृक्षलागवड वा अन्य प्रकल्प मंजूर करू नये.

मृग लागण्यापूर्वी याबाबत हुकूम व्हावेत, म्हणजे येत्या पावसाळ्यातच पहिले तुकडे राखता येतील, ही विनंती.

आपले नम्र,
ग्रामस्थ व मेंढपाळ